पिसाचा धडा

जिथे रान संपते आणि गावाकडे जाणारी पायवाट सुरू होते, तिथल्या उंच बेहड्याच्या झाडावर एक होली राहत असे. होला म्हणजे रानातले लहानसे कबूतरच म्हणा ना, आणि होली ही त्याची मादी. अंगाने मऊ, डोळ्यांनी मऊ, आवाजाने तर त्याहून मऊ. जन्मतःच ती तशी होती. बुलबुलीण तिच्या घरट्यातल्या काड्या उचलून न्यायची, खार तिच्या पुढ्यातले दाणे पळवायची, आणि होली आणि तिचा होला एकमेकांकडे पाहून एवढेच म्हणायचे, "जाऊ दे." मग काड्याही जायच्या आणि दाणेही जायचे. सगळे झाड तिचे कौतुक करायचे, "स्वभाव असावा तर होलीताईंसारखा!" ज्याला दुसऱ्याचे ओरबाडायचे असते त्याला असा स्वभाव फार आवडतो, मुलांनो. पण हे होलीला कोणी सांगितले नव्हते.

त्याच झाडाच्या शेंड्याकडच्या बेचक्यात एक कोतवाल राहत असे. काळाकुळकुळीत, शेपटीची दोन टोके दोन बाजूंना, आणि राग सदा चोचीच्या टोकावर. पहाट पुरती फुटायच्या आत त्याचे ओरडणे सुरू व्हायचे. बुलबुलिणीवर ओरडायचा, "घरटं उघडं टाकून कुठं गाव उंडारतेस?" पिवळ्याजर्द हळद्यावर ओरडायचा, "पिसं काय विंचरत बसलास, पिल्लू केव्हाचं भुकेनं रडतंय!" आणि होलीवर तर रोज ओरडायचा, "अगं ए होले, याला घरटं म्हणतात? खालून अंडी दिसतात की! चार काड्या जास्त लावल्यास तर काय झिजशील?" होली मान खाली घालून म्हणायची, "लावते हं, कोतवालदादा." आणि लावायची नाही. कारण लावल्या तर बुलबुलीण नेणार, आणि बुलबुलिणीला नको म्हणणे होलीच्याने व्हायचे नाही.

कोतवालाची पिल्लेही बापाच्या वळणावर गेलेली. डोळे उघडले न उघडले तोच वाऱ्याने हललेल्या पानावर चोच मारायची. त्यातल्या सगळ्यात तापट पिल्लाला कोतवाल जो धडा द्यायचा, तो होली आपल्या खालच्या फांदीवरून बघायची. कोतवाल आधी एक नाकतोडा टाकायचा. पिल्लू त्यावर तुटून पडले की म्हणायचा, "शाब्बास!" मग बुलबुलिणीचे गळलेले पीस आणून पिल्लापुढे ठेवायचा. पिल्लू त्यावरही तुटून पडे. मग काय विचारता! कोतवालाचा आवाज साऱ्या रानात घुमायचा. "हे शेजाऱ्याचं पीस आहे! ओरड त्याच्यावर, घसा फाटेपर्यंत ओरड. पण चोच लावायची नाही. राग तुला माझ्याकडून आला, मला माझ्या आईकडून आला, त्याला तू काय करणार आणि मी तरी काय करणार? पण चोच कुणावर उगारायची हे कुणी पोटातून शिकून येत नाही. बस इथं!" आणि त्या पिसाशेजारी पिल्लाला ऊन उतरेपर्यंत बसवून ठेवायचा. पिल्लू रागाने थरथरायचे, पण बसायचे. होलीला हसू यायचे. आपल्याला असला धडा कधी लागणार नाही, असे तिला वाटे.

एकदा शिक्रा आला, लहान पाखरांवर झडप घालणारा शिकारी पक्षी. उन्हात सगळे पेंगत असताना तो फांद्यांच्या आतून सरळ होलीच्या घरट्यावर झेपावला. होली अंड्यांवर बसली होती. तिने डोळे मिटून घेतले, दुसरे काही तिला येतच नव्हते. काही तरी फाटल्यासारखा आवाज झाला. तिने डोळे उघडून पाहिले, तर कोतवाल शिक्र्याच्या पाठीवर बसून त्याच्या मानेत टोचत होता आणि तो दांडगा शिक्रा जीव घेऊन ओढ्यापार पळत होता. परत आल्यावर कोतवालाने होलीची चौकशी केली नाही. "डोळे मिटून काय बसतेस? उघड डोळे!" असे खेकसून तो शेंड्यावर गेला. त्या विणीतली पिल्ले होलीने सुखरूप वाढवली आणि उडवली. पुढच्या विणीची दोन पांढरी अंडी पुन्हा त्याच विरळ काड्यांवर आली, तोवर कोतवालाचीही पिल्ले पंख फुटून निघून गेली होती.

झाडाखालच्या करवंदीच्या जाळीत एक भारद्वाज राहत असे. तांबूस पंख, लाल डोळे, चाल अशी की जणू सगळे रान त्यालाच वाट करून देण्यासाठी उगवले आहे. त्याला राग कसा तो ठाऊक नव्हता. कोणी काही बोलले तरी तो घुमारेदार आवाजात "कूप, कूप" करून हसायचा. पायवाटेने जाणारी माणसे तो दिसला की थांबायची आणि हात जोडायची. आज भारद्वाज दिसला, आता काम होणार, असे म्हणत पुढे जायची. झाडावरची पाखरे हे रोज वरून पाहायची. माणसे हात जोडतात म्हणजे बुवा थोरच असले पाहिजेत, असे त्यांनी ठरवून टाकले. भारद्वाज दिवसभर काय खातो, कुठे जातो, हे कोणी पाहिले नव्हते. हात जोडणाऱ्यांनीही नाही आणि त्यांच्याकडे पाहणाऱ्यांनीही नाही.

हा भारद्वाज हळूहळू वरच्या फांद्यांवर येऊ लागला. एखाद्या घरट्यापाशी जरा रेंगाळला की शेंड्यावरून कोतवाल दगडासारखा खाली यायचा आणि त्याच्या कानाशी किंचाळायचा. भारद्वाज शांतपणे दोन फांद्या खाली उतरायचा आणि बाकीच्यांना म्हणायचा, "मी आपला ख्यालीखुशाली विचारायला आलो होतो." सगळ्यांना बुवांची दया यायची.

एका सकाळी हळद्याने सगळ्यांना जमवले. "पुरे झालं!" तो म्हणाला. "डोळा उघडायच्या आत याच्या शिव्या कानावर. पिल्लांनी काय शिकायचं यातून? त्या बुवांना काय काय बोलतो, तुम्ही ऐकता ना?"

"माझ्या तर छातीत धडधडतं त्याच्या आवाजानं," बुलबुलीण म्हणाली.

सगळ्यांनी भारद्वाजाकडे पाहिले. भारद्वाज जरा वेळ गप्प राहिला. गप्प केव्हा राहायचे हे त्याला चांगले ठाऊक होते. मग म्हणाला, "मी कुणाबद्दल वाईट बोलायचा नाही. कोतवालाचा तरी काय दोष? त्याचं रक्तच तसं. पण बाळांनो, जे रक्तात आहे ते आज ना उद्या चोचीत उतरणारच. आज नुसता ओरडतो आहे. आपली अंडी आहेत, पिल्लं आहेत, एवढंच मनात येतं."

कोतवाल शेंड्यावरून खाली झेपावला. "कुणाला टोचलं मी?" तो ओरडला. "इतकी वर्षं या झाडावर आहे, कुणाला एक ओरखडा तरी काढलाय? सांगा! एकानं तरी सांगा!" पण हे त्याने अशा काही आवाजात विचारले की खार ढोलीत पळाली आणि बुलबुलिणीने डोळे घट्ट मिटले.

"पाहिलंत?" भारद्वाज हळूच म्हणाला.

होलीने पाहिले होते. शिक्रा पाहिला होता, पिसाचा धडा पाहिला होता, आणि कोतवालाची चोच शेजाऱ्याला कधी लागली नाही हे तिच्याइतके पक्के कोणालाच माहीत नव्हते. तिने चोच उघडली. तेवढ्यात भारद्वाज तिच्याकडे वळून म्हणाला, "होलीताईंना नका ओढू यात. किती मऊ मन! त्या कुणाला दुखवायच्याच नाहीत." झाडावरची सगळी पाखरे तिच्याकडे कौतुकाने पाहू लागली. कोतवालही पाहू लागला. खरे बोलावे तर हळद्या दुखावणार, बुलबुलीण रुसणार, बुवांना वाईट वाटणार, पुन्हा वाद वाढणार. होलीने मान खाली घातली. "जाऊ दे," ती म्हणाली.

या दोन शब्दांनी कोतवालाचे घर गेले. मुलांनो, याला मऊपणा म्हणू नका. जी गोष्ट खरी असल्याचे आपल्याला ठाऊक आहे आणि जी बोलल्याने कोणाचे घर वाचणार आहे, ती गिळून टाकणे याला दुसरे नाव आहे, आणि ते चांगले नाही. कोतवालाची पिसे फुलली, चोच थरथरू लागली. हळद्या त्याच्यापासून एका उडीवर बसला होता. मनात आणले असते तर कोतवालाने त्याचे पिवळे डोके सोलून काढले असते. पण त्याने चोच लावली नाही. कोतवालिणीला हाक मारून तो ओढ्यापलीकडच्या पळसावर निघून गेला, आणि जाताना त्याने होलीकडे पाहिलेसुद्धा नाही.

झाड शांत झाले. सकाळी कोणी ओरडेना, घरट्यावरून कोणी बोलेना. हळद्याने मनसोक्त पिसे विंचरली, बुलबुलीण मनसोक्त फिरली. आणि एक दिवस ती फिरून आली तर घरट्यात अंडी नव्हती. तिचा आक्रोश ऐकून सगळ्यांच्या आधी भारद्वाज आला. "साप असेल गं, पोरी," तो डोळे पुसत म्हणाला. "रानात असं व्हायचंच. धीर धर." पुढे हळद्याचे एकुलते एक पिल्लू नाहीसे झाले. भारद्वाज पुन्हा आला. "वाऱ्यानं पडलं असेल. किती गोड होतं!" तो म्हणाला, आणि हळद्या त्याच्या तांबड्या पंखात डोके खुपसून रडला.

बुलबुलिणीची अंडी गेली त्या दिवशी होली जवळच बसली होती. भारद्वाजाच्या चोचीच्या कोपऱ्यात काही तरी पिवळे आणि चिकट लागलेले तिने स्पष्ट पाहिले. संध्याकाळी तिने होल्याला ते सांगितले. होला म्हणाला, "एखादं फळ खाल्लं असेल. जाऊ दे." होलीला ठाऊक होते की त्या दिवसांत रानात कुठलेही पिवळे फळ पिकलेले नव्हते. तरी तीही म्हणाली, "जाऊ दे." हळद्याचे पिल्लू गेले ते त्यानंतर. म्हणजे ते वाचू शकले असते. हे कितीही कडू लागले तरी नीट समजून घ्या.

मग होलीच्या घरट्याची पाळी आली. दुपारची वेळ होती, होला दाणे टिपायला शेताकडे गेला होता. भारद्वाज एकेक फांदी चढत वर आला आणि अगदी मायेने म्हणाला, "होलीताई, सकाळपासून बसला आहात. घसा कोरडा पडला असेल. ओढ्यावर जाऊन पाणी पिऊन या. तोवर अंड्यांवर मी बसतो."

"नको, बुवा," असे म्हणायचे होते. होलीच्या तोंडून आले, "तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला? शेजारधर्म आहे," भारद्वाज म्हणाला आणि अगदी लगत येऊन बसला. आता नको म्हटले तर त्याला काय वाटेल? संकोचाने होली अंड्यांवरून उठली. फांदीवर बाजूला सरकली. तिची पाठ वळली मात्र, आणि मागे कट् असा आवाज झाला.

होलीने वळून पाहिले. एक अंडे फुटले होते. भारद्वाज मान वाकवून खात होता, आणि घाईघाईने नव्हे, सावकाश, जसा तो चालायचा तसाच सावकाश. खाता खाता त्याने दुसऱ्या अंड्याकडे एक डोळा फिरवला.

होलीला राग आला. तिला तो आधी ओळखूही येईना, कारण तो पूर्वी कधी तिच्याकडे आलाच नव्हता. मानेवरची पिसे आपोआप उभी राहिली, डोळ्यांपुढे फक्त ते एक उरलेले अंडे दिसू लागले. ओरडायला गेली तर गळ्यातून नुसते घूं घूं बाहेर पडले. मग तिने पंख उचलला आणि भारद्वाजाच्या तोंडावर फाडकन मारला. पुन्हा मारला. भारद्वाज एवढा दचकला की फांदीवरून घसरता घसरता वाचला.

"अरेरे, होलीताई!" तो म्हणाला. अजूनही आवाज तसाच गोड. "तुम्हाला हे शोभत नाही हो."

गलका ऐकून हळद्या आणि बुलबुलीण धावत आली. भारद्वाज दुसऱ्या अंड्याकडे सरकत होता, होली मध्ये उभी राहून पंखांनी मारत होती, आणि तो आपल्या जाडजूड चोचीने तिची पिसे उपटत होता. आणि हळद्या काय म्हणाला असेल? तो म्हणाला, "होलीताई, शांत व्हा! बुवांवर पंख उगारता? तुम्हीसुद्धा त्या कोतवालासारख्या व्हायला लागलात की काय?"

हे ऐकले आणि होलीला कंठ फुटला. असा आवाज तिच्या कुळात कोणी काढला नसेल. "शांत?" ती ओरडली. "शांत राहूनच तर ही वेळ आली! बघ त्याच्या चोचीकडे! हेच पिवळं बुलबुलिणीची अंडी गेली तेव्हा त्याच्या चोचीला होतं. मी पाहिलं होतं. तुझं पिल्लूही यानंच नेलं, हळद्या! मी गप्प बसले म्हणून नेलं! याच्या गोड बोलण्यावर थू, आणि माझ्या मऊपणावरही थू! हे माझं अंडं आहे. हे नाही जाऊ द्यायची मी!"

बुलबुलिणीने भारद्वाजाच्या चोचीकडे पाहिले. आणि किंचाळत ती त्याच्या डोळ्यांवर धावली. हळद्या तोंड उघडे टाकून बघतच राहिला होता. तेवढ्यात ओढ्यापलीकडून एक काळी रेघ सरळ झाडाकडे आली. पळसावर बसून कोतवाल रोज या झाडाकडेच तोंड करून असायचा, हे कोणाला माहीत नव्हते. होलीचा तो कधी न ऐकलेला आवाज कानी पडला तसा तो निघाला होता. त्याने भारद्वाजाच्या मानेत अशी चोच घातली की त्याचा सगळा थाट करवंदीच्या काट्यांत जाऊन पडला. तिथून तो फडफडत, लंगडत दूरच्या रानात गेला आणि पुन्हा त्या झाडाकडे फिरकला नाही.

सगळे शांत झाल्यावर हळद्या पुढे आला. "कोतवालदादा, झालं गेलं विसरून जा. परत या झाडावर. फक्त तो आवाज तेवढा जरा..."

"आवाज कमी होणार नाही!" कोतवाल कडाडला. "तो माझ्याबरोबर जन्मला आहे. शेजार हवा असेल तर आवाजासकट घ्या. टोचलं तर बोला!" हळद्या मुकाट्याने मागे सरला.

होली फुटलेल्या अंड्याच्या टरफलाजवळ बसली होती. तिच्या मानेवर रक्त होते. "दादा," ती म्हणाली, "त्या दिवशी मला सगळं ठाऊक होतं. मी बोलले नाही."

"माहीत आहे मला," कोतवाल म्हणाला. "त्या हळद्याचा मला राग नव्हता, तो मूर्ख आहे. राग तुझा होता." होलीने ते ऐकून घेतले. ऐकून घेण्यासारखेच ते होते. कोतवालाची नजर तिच्यावरून तिच्या घरट्याकडे गेली. मग एकदम ओरडला, "आणि हे घरटं! अजून खालून दिसतंय! इतकं सांगूनही काड्या लावल्या नाहीस ना?"

"लावते," होली म्हणाली. आणि या खेपेला लावल्या. बुलबुलीण सवयीने एक काडी उचलायला आली तेव्हा होली मान वर करून म्हणाली, "नको." एवढेच म्हणाली, पण बुलबुलीण काडी ठेवून गेली.

उरलेल्या अंड्यातून पिल्लू निघाले. आईसारखेच मऊ. पान हलले की अंग चोरायचे, सावली पडली की डोळे मिटायचे. ते जरा मोठे झाल्यावर एका सकाळी होलीने करवंदीच्या जाळीत अडकलेले एक तांबडे पीस शोधून आणले आणि पिल्लापुढे ठेवले. पिल्लू घाबरून मागे मागे सरले आणि त्याने डोळे मिटले.

"डोळे उघड," होली म्हणाली. पिल्लाने उघडले. "भीती वाटू दे. ती तुला माझ्याकडून आली आहे, तिचं तू काय करणार? पण पाय मागे घ्यायचा नाही. बस इथं, ऊन उतरेपर्यंत." पिल्लू भीतीने थरथरत होते, पण त्या पिसाकडे बघत बसून राहिले. पुन्हा शेंड्यावर राहायला आलेला कोतवाल खाली वाकून हे पाहत होता, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच तो कोणावर ओरडला नाही.

पायवाटेने जाणारी माणसे दूरच्या रानात भारद्वाज दिसला की अजूनही हात जोडतात. जोडोत बापडी. बेहड्यावरची पाखरे आता हात पाहत नाहीत, चोच पाहतात.

तात्पर्य : तापटपणा किंवा मऊपणा जन्माबरोबर येतो, त्यात कोणाचा दोष नाही आणि कोणाची थोरवीही नाही, तापटाने चोच आवरायला आणि मवाळाने पाय रोवायला शिकावे, कारण माणूस ओळखला जातो तो या शिकण्याने, आणि जो शिकत नाही त्याच्या मऊपणाची किंमत दुसऱ्याच्या पिल्लांना मोजावी लागते.